लग्न डिसेंबरात, लेसर आखाडात

पत्र

डॉक्टर मॅडम,
मी २६ वर्षांची. राहायला सांगलीत, नोकरी कुपवाड एमआयडीसीत एका कारखान्याच्या अकाउंट्सला. दहावीपासून पिंपल्स आहेत. आता बरेच कमी झालेत, पण दोन्ही गालांवर खड्डे राहिलेत आणि नाकाजवळचे ओपन पोअर्स लांबूनही दिसतात. लग्न ठरलंय. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, कऱ्हाडला. बायोडाटावरचा फोटो बहिणीने फिल्टर लावून काढला होता. बघायला आले तेव्हा होणाऱ्या सासूबाई सहज म्हणाल्या, "फोटोत चेहरा जरा वेगळा वाटला होता." त्या रागाने नाही म्हणाल्या, पण तेव्हापासून मला झोप नाही. मैत्रिणीने सांगितलेलं एक क्रीम मेडिकलमधून आणून पाच महिने लावतेय. आधी चेहरा उजळला, आता दोन दिवस लावलं नाही तरी लाल होतो, खाजतो. दोन वर्षांपूर्वी पिंपल्ससाठी मिळालेल्या कॅप्सूलची दीड पट्टी घरात आहे, ती परत सुरू करू का? एका पार्लरमध्ये लेसरचं सहा सिटिंगचं पॅकेज आहे. "महिन्यात काचेसारखी त्वचा, पोअर्स कायमचे बंद" म्हणतात. भिशी लागणार आहे, ते पैसे भरायची माझी तयारी आहे. आई म्हणते हळद लाव. आत्या म्हणते लेसरने कॅन्सर होतो. मी काय करू?
– चंद्रमुखी

उत्तर

चंद्रमुखी,

टोपणनाव झकास घेतलंयस. सुंदर बाईला पहिल्यांदा चंद्राची उपमा ज्याने दिली, त्याच्याकडे दुर्बीण नव्हती हे नक्की.

तू लेसरबद्दलही विचारलंस आणि क्रीमबद्दलही लिहिलंस. मी आधी क्रीमबद्दल बोलणार आहे, कारण तुझ्या चेहऱ्यावर आज जे चाललंय ते त्या ट्यूबमुळे चाललंय. नाव तू लिहिलं नाहीस, पण वर्णनावरून ते तीन औषधांचं मिश्रण असावं: रंग उतरवणारं हायड्रोक्विनोन, त्वचेची साल काढणारं ट्रेटिनॉइन आणि तिसरं स्टेरॉइड. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात बघ. मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल यांपैकी एखादं नाव दिसलं तर माझा अंदाज बरोबर. हे मिश्रण वांगाच्या डागांसाठी, डॉक्टरच्या नजरेखाली, काही आठवड्यांपुरतं वापरायचं औषध आहे. त्यातल्या स्टेरॉइडने पहिल्या महिन्यात चेहरा असा काही उजळतो की बाई मैत्रिणींना सांगत सुटते. मग त्वचा पातळ होते, लालसर रेघा दिसायला लागतात, गालावर लव वाढते, बारीक पुटकुळ्या उठतात. आणि क्रीम थांबवलं की चेहरा पेटतो, म्हणून बाई पुन्हा लावते. दारूचं जसं असतं तसं आहे हे. त्वचेवर लावायची अशी स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून सरकारने २०१८ साली ती शेड्यूल एचमध्ये घातली. तरी आपल्याकडे मेडिकलच्या काउंटरवर जाऊन "ते गोरं होण्याचं द्या" म्हटलं की काय हातात पडतं, ते तुला माहीतच आहे.

तेव्हा पहिलं काम म्हणजे ती ट्यूब पर्समध्ये टाकून त्वचारोगतज्ज्ञाकडे जायचं. आपल्या मनाने एका रात्रीत बंद करू नकोस आणि चालूही ठेवू नकोस, याच आठवड्यात दाखव. कुणाचं एकदम थांबवता येतं, कुणाचं दिवसाआड करत सोडवावं लागतं, हे चेहरा बघून ठरतं. सोडताना काही आठवडे चेहरा आताहून वाईट दिसेल. त्या दिवसांत खचून मैत्रिणीचं ऐकू नकोस. पैशांची ओढाताण असेल तर सांगलीच्या वसंतदादा पाटील सरकारी रुग्णालयात त्वचाविकारांचा बाह्यरुग्ण विभाग आहे, पहिली तपासणी तिथेही होते. हा चेहरा शांत होईपर्यंत त्यावर कुठल्याही लेसरचा एक ठिपकासुद्धा पडता कामा नये.

आता ती दीड पट्टी. ती आयसोट्रेटिनॉइनची असणार. पिंपल्सवर त्याच्याएवढं जोरकस औषध नाही, मी स्वतः ते शेकड्याने लिहून दिलंय. पण तुझं लग्न चार महिन्यांवर आहे आणि हे औषध चालू असताना किंवा थांबवल्यानंतरच्या महिन्याभरात दिवस राहिले तर गर्भात गंभीर व्यंग होऊ शकतं. त्याशिवाय ते सुरू करण्याआधी रक्त तपासावं लागतं, यकृत आणि चरबी दोन्हीसाठी. उरलीसुरली पट्टी आपल्या मनाने गिळायची ही गोष्ट नव्हे. तारीखही उलटली असेल. तुला ते खरंच लागणार असेल तर डॉक्टर देतील, आणि तेव्हा गर्भनिरोधनाचं बोलणं त्या खोलीत तुझ्या होणाऱ्या नवऱ्यालाही बसवून करायला हरकत नाही. खड्डे लपवायचे की सांगायचे, असा एक प्रश्न तुझ्या पत्रात ओळींच्या मधे दिसला. खड्डे त्याने पाहिलेत, त्यात सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. सांगायची असेल तर ही गोष्ट आहे.

एवढं झालं. आता लेसर.

उद्या सकाळी खिडकीपाशी बस, ऊन बाजूने यायला हवं, आणि आरसा हातात घे. बाथरूमच्या दिव्यात काही कळत नाही. आधी डाग आणि खड्डे वेगळे कर. बोट फिरवल्यावर सपाट लागतो पण काळपट किंवा लालसर दिसतो, तो डाग. डाग हा मुक्कामी पाहुणा असतो, महिने घेतो पण जातो, आणि उन्हापासून जपलं तर लवकर जातो. माझ्याकडे "खड्डे" म्हणून येणाऱ्या मुलींपैकी कितीतरी जणींचा निम्मा त्रास डागांचा असतो. बोटाला लागतो तो खड्डा. तो आपोआप जात नाही, कारण खालचं कोलॅजन, म्हणजे त्वचेला ताठ ठेवणारं जाळं, पिंपलच्या दाहात खाल्लं गेलेलं असतं.

मग दोन बोटांनी गाल कानाकडे हलका ताण. जे खड्डे ताणल्यावर गायब होतात ते लाटांसारखे खड्डे. जे ताणूनही काठ दाखवत राहतात, कांजिण्यांच्या खुणांसारखे, ते पेटीसारखे. आणि जे दाभणाने टोचल्यासारखे बारीक आणि खोल असतात त्यांना आम्ही आइसपिक म्हणतो. तू सांगलीची आहेस, तुला हरिपूरची हळदीची पेवं सांगितली की लगेच कळेल: वरून तोंड एवढंसं, आत उतरलं की खोली. पेव तळाला रुंद होतं आणि हा खड्डा तळाला निमुळता, एवढाच फरक. बहुतेक चेहऱ्यांवर तिन्ही जाती एकत्र नांदतात आणि तिन्हींचं औषध वेगळं आहे. "खड्ड्यांना लेसर" असं सरसकट कुणी सांगितलं की मला तिथेच शंका येते.

लाटांसारख्या खड्ड्यांचं उदाहरण घे. घरात कापसाची जुनी गादी असेल तर बघ. गादीवाला जिथे टाका मारतो तिथे कापड आत ओढलं जातं आणि खळगा पडतो. तुझ्या गालावर खालून तंतूंचे असेच टाके बसलेत. वरून कितीही इस्त्री फिरवली तरी टाका आहे तोवर खळगा राहणार. तो आतून तोडावा लागतो. बारीक सुई कातडीखाली आडवी सरकवून ते तंतू सोडवतात, त्याला सबसिजन म्हणतात. जागा बधिर करून होतं, नंतर आठवडा-दोन आठवडे काळंनिळं राहतं. लेसरच्या मानाने गावंढळ वाटतं, पण योग्य गालावर सुई जे करते ते लाखोंच्या मशीनला जमत नाही. आइसपिकला तीव्र टीसीए आम्लाचा सुईच्या टोकाएवढा थेंब खड्ड्याच्या तळाशी लावतात. आधी पांढरं होतं, मग खपली धरते, मग तळ हळूहळू वर येतो. दर महिन्या-दीड महिन्याने, तीन-चार वेळा. हे आम्ल ऑनलाइन मिळतं म्हणून घरी आणून लावणारी एक मुलगी मी पाहिली आहे. तिला खड्डा होता त्याच्या दुप्पट मोठा मिळाला.

उरलेल्या कामाला, म्हणजे उथळ आणि पेटीसारख्या खड्ड्यांना आणि एकूण खडबडीतपणाला, लेसर खरोखर उपयोगी पडतो. त्यातला सगळ्यात जुना गडी म्हणजे कार्बन डायऑक्साइड लेसर. आणि एक गंमत सांगू? हा लेसर १९६४ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये ज्यांनी शोधला, ते कुमार पटेल आपल्या बारामतीत जन्मलेले, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले. तेव्हा आत्या "परदेशी खूळ" म्हणाल्या तर त्यांना सांग, खुळाचं माहेर नीरेच्या पलीकडेच आहे.

त्याचा किरण १०,६०० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा. पाणी त्याला अधाशासारखं शोषून घेतं. आपली त्वचा बहुतांशी पाणीच, त्यामुळे किरण पडेल तिथली पेशी क्षणात वाफ होऊन जाते. नव्वदच्या दशकात याने अख्ख्या चेहऱ्याची वरची साल उडवायचे. गोऱ्या कातडीवर परिणाम चांगला दिसायचा, पण आठवडे चेहरा कच्चा राहायचा, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर काळे-पांढरे चट्टे उमटायचे. २००४ साली बॉस्टनच्या संशोधकांनी मांडलेली कल्पना साधी होती: सगळी साल काढू नका, टोचे मारा. कडक पुरी फुगू नये म्हणून आपण काट्याने टोचतो ना, तसे केसाच्या जाडीच्या आसपासचे शेकडो टोचे, आणि दोन टोच्यांमधली त्वचा शाबूत. ती शाबूत त्वचा जखम भरून काढते आणि खाली नवं कोलॅजन धरायला लागतं. हा फ्रॅक्शनल लेसर. आज खड्ड्यांसाठी "लेसर केला" म्हणतात तो बहुतेक हाच असतो, नाहीतर त्याचं अर्बियमचं भावंड.

सिटिंग कसं असतं ते सांगते, म्हणजे जाहिरातीतलं वाक्य तुझं तुलाच तपासता येईल. पाऊण ते एक तास बधिर करणारं क्रीम लावून बसवतात. डोळ्यांवर झाकण. मग पंधरा-वीस मिनिटं गरम टाचण्या टोचल्यासारखं, आणि केस जळल्याचा वास. त्या दिवशी तोंड तापल्यासारखं लाल, दुसऱ्या दिवशी सूज, तिसऱ्या दिवसापासून हाताला वाळूच्या कागदासारखं लागतं आणि रव्याएवढ्या तपकिरी खपल्या धरतात. पाच ते सात दिवसांत त्या गळतात. त्या काळात साध्या पाण्याने धुवायचं, सांगितलेलं मलम किंवा व्हॅसलीन लावायचं, खपली खुडायची नाही, गॅससमोर तास-तास उभं राहायचं नाही. ओठाशी तापाचे फोड येण्याची सवय असेल तर आधीच सांगायचं, त्याची गोळी अगोदर सुरू करतात. जुन्या जखमा वर आलेल्या, टणक झालेल्या असतील तर तेही. अशी सिटिंगं तीन ते पाच, दर चार ते आठ आठवड्यांनी. आणि खरा परिणाम शेवटच्या सिटिंगनंतर तीन ते सहा महिन्यांनी, कारण कोलॅजन दुधासारखं उतू जात नाही, दह्यासारखं लागतं.

किती फरक पडतो? खड्ड्यांची खोली निम्म्यावर आली तर पेशंट खूश आणि मीही. गाल गुळगुळीत होत नाही, तो कुणाचाच होत नाही. मात्र बाजूने पडणाऱ्या उजेडात सावल्या कमी होतात, आणि खड्डा डोळ्यांना दिसतो तो सावलीमुळेच.

तर आता महिन्यात काचेसारखी त्वचा कुठून येणार ते तूच सांग.

तुझ्या लग्नाआधी मी लेसरला नाही म्हणते, त्यामागे माझीच एक चूक आहे. पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. मशीन नवं होतं आणि माझा आत्मविश्वास त्याहून नवा. तासगावकडची द्राक्षबागायतदाराची मुलगी आली, वैशाखातलं लग्न, हातात तीन आठवडे. आईने गळ घातली, मुलगी रडली, आणि मी विरघळले. खपल्या छान गळल्या. पण बेदाण्याचे दिवस, घरात माणसांची वर्दळ, ती शेडवर जा-ये करत होती, पत्रिका वाटायला गाडीवरून फिरत होती. दहाव्या दिवशी गालावर तपकिरी ठिपक्यांची जाळी उमटली, लेसरच्या नक्षीबरहुकूम. आपल्या कातडीची ही जुनी खोड आहे. जखम झाली, ताप लागला, ऊन लागलं की ती रंग सोडते. औषधांनी तो डाग गेला, पण सात महिन्यांनी. लग्नाचं आमंत्रण मला होतं. मी गेले नाही. मेकअपच्या थराखाली माझीच जाळी बघायची हिंमत नव्हती.

तेव्हापासून माझा नियम आहे: लग्नाआधीच्या सहा आठवड्यांत कुठलाही नवा प्रयोग नाही, आणि तीन महिन्यांत फ्रॅक्शनल लेसर नाही. तुझे चार महिने दिसायला पुरेसे वाटतात, पण पहिले दोन ते क्रीम सोडवण्यात जाणार. मग राहिलं काय?

पार्लरच्या पॅकेजबद्दल. मला वाटतं ते लोक तुला जो विकतायत तो वर सांगितलेला लेसर नाहीच. बहुधा कार्बन पील असणार: चेहऱ्यावर काळा कोळशाचा लेप, त्यावर १०६४ नॅनोमीटरचा लेसर, आणि तडतड आवाज करत लेप उडतो. चेहरा चार दिवस तकाकतो, तेल कमी वाटतं. खड्ड्यांना त्याने काहीही होत नाही. आणि तो जर खरंच फ्रॅक्शनल असेल, आणि तो चालवणारी मुलगी थ्रेडिंग करता करता शिकलेली असेल, तर ते आणखी वाईट. मशीन कुठलं, हँडपीस कोण धरणार, त्यांची त्वचारोगातली पदवी काय, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय, कानापुढे एका कोपऱ्यात आधी चाचणी करून महिनाभर वाट बघणार का, रात्री चेहरा सुजला तर फोन कुणाला करायचा, हे विचार. उत्तराआधी डिस्काउंट वाढलं तर ऊठ. आणि सहा सिटिंगचे पैसे एकदम कुणालाच देऊ नकोस, अगदी एमडी झालेल्या डॉक्टरलाही. एक सिटिंग, एकाचे पैसे, चेहरा बघून पुढचं. भिशी राहू दे तुझ्या खात्यात. असल्या उपचाराला मेडिक्लेमही मिळत नाही.

आता पोअर्स. "ओपन पोअर्स" हा शब्द ज्याने काढला त्याला बक्षीस द्यायला हवं. जणू बंद पोअर्स अशी काही चीज आहे आणि बाकीच्या बायका ती घेऊन फिरतायत! पोअर म्हणजे केसाच्या मुळाचं आणि तेलाच्या ग्रंथीचं तोंड. त्याला ना दार, ना स्नायू. वाफेने ते उघडत नाही आणि बर्फाने मिटत नाही. वाफेने आतला मळ मऊ होतो, इतकंच. कायमचं बंद झालं तर तेल जाईल कुठे? आतच तुंबेल, आणि त्यालाच पिंपल म्हणतात. तोंड मोठं दिसतं ते तीन कारणांनी: तेल जास्त, आत मळाची गुठळी, आणि उन्हाने, वयाने काठाचं कोलॅजन सैल. पहिल्या दोनवर रात्री ॲडापलीनसारखं रेटिनॉइड, दिवसा सॅलिसिलिक आम्लाचा फेसवॉश, निआसिनामाइड, असं स्वस्तातलं औषध चालतं. तिसऱ्यावर लेसरचा थोडा हातभार लागतो. नाकावर तर फारसा नाहीच. नाक हे नाक आहे. नाकावरचे ते करडे ठिपके नखाने पिळून काढलेस तरी महिन्याभरात परत भरतात, ते घाण नाही, तेलाचे धागे आहेत. आणि खरं सांगू, पोअर्स बघायला माणूस चार बोटांवर यावा लागतो. इतक्या जवळ येणारी माणसं पोअर्स मोजायला येत नाहीत.

आत्याच्या कॅन्सरचं उत्तर छोटं आहे. एक्स-रे किंवा उन्हातले अतिनील किरण पेशीतल्या डीएनएला इजा करू शकतात. हा लेसर अवरक्त आहे, तो तापवतो. भाजू शकतो, काळं करू शकतो, व्रण ठेवू शकतो, पण कॅन्सर लावत नाही. आत्यांना भीती घालायचीच असेल तर भाजण्याची घालू दे.

आईच्या हळदीबद्दल मी जपून बोलते, कारण मीही याच गावात राहते. हळदीच्या पेठेवर पोट असलेल्या गावात हळदीला नावं ठेवून मी परत घरी कशी जाऊ? भौगोलिक मानांकन मिळालेली आपली हळद आहे, भाजीत सोन्यासारखी. पण पडलेला खड्डा हळदीने भरत नाही. आणि सध्याच्या तुझ्या पातळ, चिडलेल्या कातडीवर हळद-बेसन घासणं म्हणजे पापडावर लाटणं फिरवणं. लिंबू तर त्यात अजिबात पिळू नका. लग्नाच्या हळदीला मात्र मी मोडता घालणार नाही. हातापायांना हवी तेवढी लावा, चेहऱ्याला बोटभर, आणि करवल्यांना सांग की गाल चोळायचे नाहीत. हे काम बहिणीवर सोपव, फिल्टरचं प्रायश्चित्त म्हणून.

मग डिसेंबरपर्यंत करायचं काय? कंटाळवाणं आहे. क्रीम सोडवणं. जे पिंपल्स अजून येतायत ते डॉक्टरकडून पूर्ण थांबवणं, कारण नवा पिंपल म्हणजे उद्याचा खड्डा, आणि गळणारं छप्पर ठेवून भिंतीला रंग कोण देतं? डागांवर ॲझेलेइक आम्ल चांगलं, ते गरोदरपणातही चालतं. रेटिनॉइडं तेव्हा लावायची नसतात, म्हणून लग्नानंतर दिवस राहण्याचा विचार असेल तर डॉक्टरला आधी सांग. सनस्क्रीन रोज, एसपीएफ ३० किंवा वरचं, दोन बोटांवर लांब रेघ ओढशील एवढं. वाटाण्याएवढं लावून उपयोग नाही. सकाळी कुपवाडला निघण्यापूर्वी वीस मिनिटं, आणि दुपारी डबा खाल्ल्यावर परत. रंगाची छटा असलेलं मिळालं तर ते घे, त्यातलं आयर्न ऑक्साइड दिसणारा उजेडही थोडा अडवतं, आणि सावळ्या कातडीला डाग धरायला तोही पुरतो. ऑक्टोबरात चेहरा शांत असेल तर डॉक्टर सौम्य पील, म्हणजे वरची साल हलकेच उतरवणारं आम्ल, सुचवतील, ते एखाद-दुसरं चालेल. गरम टोकांच्या सुयांचं मशीनही सुचवतील, मायक्रोनीडलिंग रेडिओफ्रिक्वेन्सी म्हणतात त्याला. उष्णता वरच्या कातडीला न लावता खाली सोडतं, त्यामुळे आपल्या रंगाला काळवंडण्याचा धोका लेसरपेक्षा कमी. नंतरसाठी ते मनात ठेव, डिसेंबरआधी नको. घरी फिरवायचा सुयांचा रोलर ऑनलाइन दिसेल, तो कधीच नको.

आणि लग्नाच्या दिवसाचा खर्च जिथे करायचा तिथे कर. मेकअपवालीकडे नोव्हेंबरात एकदा चाचणी करून घे, तिला खड्डे दाखव, जाड थर देऊ नको म्हणून सांग. थर जाड झाला की खड्ड्याच्या काठाशी साचतो आणि दुपारपर्यंत नकाशा उमटतो. फोटोग्राफरला सांग, दिवा समोरून आणि मोठा, बाजूने टोकदार नको. हे वाक्य त्याला कळतं. सहा सिटिंगच्या पॅकेजपेक्षा त्या दिवशी याचा गुण जास्त येईल.

आता त्या बायोडाटाच्या फोटोबद्दल. सासूबाईंनी फोटो पाहिला, मग तुला पाहिलं, आणि मग होकार कळवला. क्रम लक्षात घे. फोटोला होकार द्यायचा असता तर त्या कऱ्हाडहून गाडी करून आल्या नसत्या. तू मात्र चार महिन्यांत त्या फोटोसारखं व्हायला निघालीयस, आणि त्या फोटोतल्या मुलीला पोअर्सच नाहीत, म्हणजे तिला घामही येत नसणार. असली सून कऱ्हाडच्या उन्हाळ्यात टिकेल का?

लेसर तुला करायचाच असेल, आणि खड्डे बघता सबसिजनबरोबर तो करण्यासारखा असू शकतो, तर वेळ मी काढून ठेवली आहे. लग्नानंतरचे पहिले महिने देवदर्शन, हळदी-कुंकू, तिळगूळ, नातेवाइकांकडची जेवणं, यात लाल चेहरा घेऊन बसायला जागाच नसते. मग मार्च ते मे आपलं ऊन. पण आखाडात नवी सून माहेरी येते. बाहेर ढग, ऊन नाही, आईच्या घरी काम नाही, पाहुणे नाहीत. आठवडाभर खपल्या घेऊन खुशाल पडून राहा. त्या महिन्यात सासू-सुनेने एकमेकींचं तोंड बघायचं नाही अशी आपली जुनी रीत आहे. रीत ज्याने पाडली त्याच्या मनात काय होतं कुणास ठाऊक, पण फ्रॅक्शनल लेसरला ती अगदी चपखल बसते. मे महिन्यात डॉक्टरांना दाखव, कानापुढे चाचणी करून घे, दिवस राहिलेले नाहीत याची खात्री कर, आणि आषाढ लागला की पहिलं सिटिंग. दिवस राहिले असतील तर लेसर पुढच्या आखाडाला. खड्डे कुठे पळून जातायत?

आणि गाडीवर तोंडाला गुंडाळतेस तो स्कार्फ रोज धू. एकाच स्कार्फवर आठवडा काढतेस हे तू लिहिलं नाहीस, पण हनुवटीवर नवे पिंपल्स येणाऱ्या दहातल्या आठ जणी काढतात.